नदीतले काँक्रीट काढायचे, मग समुद्रात का सोडायचे?

समुद्रतळ पुन्हा वसवण्याच्या, म्हणजे माशांच्या आसऱ्यासाठी भोकांचे पोकळ काँक्रीटचे घटक ओतून ते समुद्राच्या तळाशी सोडण्याच्या कामाची ओळख करून देणाऱ्या एकदिवसीय कृती-सहलीची गोष्ट नाशिकमध्ये काढली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. गोदावरीच्या तळातले काँक्रीट काढा म्हणून इतकी वर्षे भांडायचे आणि समुद्रात तेच काँक्रीट टाकायला निघायचे, हे कसे? प्रश्न रास्त आहे, आणि या विषयाचा निम्मा इतिहास त्याच्या उत्तरात येतो.

गोदावरीचा तळ काळ्या बेसॉल्टचा. त्याच्या भेगांतून झरे येतात आणि कपारींत मासे राहतात. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड परिसरातल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातले गेले आणि भेगा बुजल्या. एप्रिल २०१६ मध्ये रामकुंड कोरडे पडले. दुष्काळ होताच, पण झरे मोकळे करा ही मागणी त्या वर्षी सगळ्यांना नीट ऐकू आली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पुढे काही कुंडांतले काँक्रीट काढण्यात आले. म्हणजे खाचाखळग्यांचा जिवंत तळ आयता होता, तो आपण गुळगुळीत करून ठेवला.

उत्तर कोकणच्या किनाऱ्याजवळ बरेचदा उलटे असते. तळ चिखलाचा किंवा वाळूचा, त्यावरून ट्रॉलची, म्हणजे बोटीमागे तळ खरवडत ओढायची जाळी फिरून सपाट झालेला. कालवे, स्पंज, प्रवाळ यांच्या अळ्यांना चिकटायला कठीण पृष्ठभाग लागतो आणि लहान माशांना लपायला भोक लागते. नदीत काँक्रीटने भोके बुजवली, समुद्रात त्याच काँक्रीटने ती तयार करायची असतात.

ही युक्ती नवी नाही. जपानमध्ये १७ व्या शतकापासून मासे यावेत म्हणून समुद्रात दगड टाकत आले आहेत. घोळ झाला तो स्वस्तातला माल वापरायला गेल्यावर. १९७२ मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलजवळ सुमारे २० लाख जुने टायर मोळ्या बांधून बुडवले. कचराही जाईल आणि मासेही येतील असा हिशेब होता. दहा किलोचा टायर पाण्यात जेमतेम किलो-दीड किलो भरतो. बांधलेल्या पट्ट्या तुटल्या, क्लिपा गंजल्या, टायर वादळांत गडगडत शेजारच्या नैसर्गिक प्रवाळावर आदळले, आणि २००७ पासून लष्करी पाणबुडे लावून ते बाहेर काढावे लागले. तेव्हापासून पहिली कसोटी वजनाची झाली.

भारतात या कामाचा मोठा अनुभव तमिळनाडूच्या किनाऱ्याचा आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिथे त्रिकोणी, विहिरीच्या कड्यासारखे आणि गोब्रा माशासाठी मोठ्या भोकांचे असे तीन प्रकारचे घटक वापरले. गुजरातेत मिठापूरला २०२० मध्ये ‘बायोरॉक’ची पद्धत आजमावली गेली. तीत लोखंडी सांगाड्यातून सौम्य वीजप्रवाह सोडतात आणि पाण्यातले क्षार त्यावर चुनखडीसारखे बसतात. कल्पना देखणी आहे, पण समुद्रात वीज अखंड पुरवत राहणे सोपे नाही. मुंबईत २०२४ मध्ये वरळी कोळीवाड्यासमोर, किनाऱ्यापासून सुमारे ५०० मीटरवर, २१० घटक बसवले गेले.

सहलीत हाताने करायचे काम ओतकामाचे, आणि ते नाशिकच्या कुठल्याही अंगणात होते. प्रमाण १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू, ३ भाग बारीक खडी. ५० किलोच्या गोणीला पाणी २२ लिटर, त्यावर तांब्याभरही नाही. मजूर सवयीने पाणी वाढवतात आणि घटक ठिसूळ होतो. एका गोणीत सुमारे ३०० किलोचा घटक उतरतो, तो समुद्रात १७० किलोच्या आसपास भरतो. पोकळीसाठी साच्यात फुगवलेली ट्यूब आणि भोकांसाठी फुटबॉलचे ब्लॅडर ठेवतात. भोके समोरासमोर हवीत. एकाच बाजूला ठेवली तर आत पाणी फिरत नाही आणि पोकळी गाळाने भरते. सळई शक्यतो टाळावी. ती वरच्या थराजवळ राहिली तर खाऱ्या पाण्यात गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते.

साच्याला आतून साखरेचे पाणी लावतात. साखर पडली की सिमेंट धरत नाही, हे गवंड्यांना ठाऊकच असते. एरवी जो अपघात, तो इथे मुद्दाम घडवायचा. दुसऱ्या दिवशी साचा काढून ब्रशने घासले की वरची साय निघून जाते, खडी उघडी पडते आणि अळ्यांना पकड मिळते.

ताजे काँक्रीट फार अल्कधर्मी असते, सामू १२ च्या वर. समुद्राचा सामू ८ च्या जवळपास. म्हणून २८ दिवस पाण्यात मुरवणे, म्हणजे क्युरिंग, आले. त्यामुळे आज ओतलेला घटक आजच्या आज समुद्रात जाणार नाही. त्र्यंबक-जव्हारमार्गे किनाऱ्यावर उतरणारी तुकडी आधीच्या तुकडीचा घटक पाहते. जी सहल एका दिवसात ओतणे आणि सोडणे दोन्ही देऊ करते, तिला क्युरिंगचे विचारून घ्यावे.

सोडायचे काम पावसाळ्यानंतर, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे होते. तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी असतो आणि ओढही कमी असते. आधी तळात काठी खुपसून पाहतात. सहज हातभर गेली तर जागा बाद, कारण घटक वर्षाच्या आत चिखलात बुडेल. शासकीय परवानगी लागतेच, आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश गावच्या मच्छीमार सोसायटीला द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर पहिले जाळे तिथेच अडकून फाटते आणि गाव कायमचे विरोधात जाते.

एक वाद अजून मिटलेला नाही. घटकांपाशी मासे दिसतात ते तिथे नव्याने वाढलेले, की आजूबाजूचे तिथे गोळा झालेले? गोळा झालेले असतील तर ते पकडणेच सोपे होते. म्हणून मोजणी घटकांपाशी करतात तशी दूरच्या मोकळ्या तळावरही करावी लागते, आणि तीही घटक सोडण्याच्या आधीपासून.