स्वादुपिंडातली दुर्मीळ गाठ : ऑपरेशनआधी सुई घालायची की नाही?

कोल्हापुरात अशी गाठ सापडते ती बहुधा भलतंच काही शोधताना. पित्ताच्या खड्यासाठी सोनोग्राफी होते आणि रिपोर्टच्या तळाशी एक ओळ येते : स्वादुपिंडाच्या शेपटीत गाठ, सीटी करून घ्यावा.

मुख्यतः तरुण मुलींमध्ये आढळणाऱ्या सॉलिड स्यूडोपॅपिलरी गाठीचं वर्णन १९५९ सालचं. पण गाठ नेमकी कसली, हे पुढे कित्येक वर्षं ती काढल्यावरच कळायचं. सीटी आला तरी खरा फरक पडला तो वेगवान मशिनांमुळे. शिरेतून औषध सोडल्यावर साधारण ४० सेकंदांनी एकदा आणि ७० सेकंदांनी पुन्हा चित्रं घेता येऊ लागली. न्यूरोएंडोक्राइन गाठ (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची) पहिल्या फेरीत उजळते, नेहमीचा कॅन्सर काळपट राहतो. एकाच फेरीचा सीटी घेऊन पेशंट पुण्या-मुंबईला गेला, की तिथे तो पुन्हा काढावा लागतो. हा भुर्दंड टाळता येण्यासारखा आहे.

१९९० च्या दशकात एंडोस्कोपिक सोनोग्राफीतून, म्हणजे तोंडावाटे आत सोडलेल्या दुर्बिणीवरच्या सोनोग्राफीतून, सुई घालून पेशी काढता येऊ लागल्या आणि वाद सुरू झाला. गाठ काढायचीच असेल तर सुई कशाला, असं अनेक सर्जन म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या गाठीत सुईची वाट ड्युओडेनममधून, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, जाते आणि ऑपरेशनमध्ये तो भाग निघूनच जातो. शेपटीकडच्या गाठीत सुई जठराच्या भिंतीतून जाते आणि ती भिंत पोटात तशीच राहते. त्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत, मोजकी असली तरी. शिवाय सुईत काही सापडलं नाही म्हणून कॅन्सर नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पण आपल्याकडे क्षयरोगही स्वादुपिंडात कॅन्सरचं सोंग घेतो. तो गोळ्यांनी बरा होतो, लिम्फोमाला (लसीका पेशींच्या कॅन्सरला) केमो लागते, आणि लक्षणं न देणारी दोन सेंटिमीटरखालची न्यूरोएंडोक्राइन गाठ काही वेळा नुसती नजरेखाली ठेवतात. चित्र ठरावीक साच्यातलं नसेल तिथे सुई टाळणं म्हणजे हट्टच.

अलीकडे गॅलियम पेट स्कॅनने हा वाद थोडा निवळलाय : शिरेतून दिलेल्या किरणोत्सारी गॅलियममुळे न्यूरोएंडोक्राइन गाठ या स्कॅनमध्ये उजळते. गॅलियम ६८ मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे ते लांबून मागवून ठेवता येत नाही. त्यातही एक चकवा आहे : स्वादुपिंडात दडलेला प्लीहेचा जन्मजात तुकडाही तसाच उजळतो. शंका आली तर उष्णतेने इजा केलेल्या तांबड्या पेशींचा वेगळा स्कॅन करतात. त्या पेशी प्लीहेत अडकतात, आणि तुकडा तिचाच निघाला तर ऑपरेशन रद्द होतं.