'सेट'ला सगळ्यात जास्त अर्थ? नाही हो, आता 'रन'ला

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ 'सेट'ला आहेत हे क्विझवाले अजून छातीठोकपणे सांगतात. एकेकाळी खरं होतं ते, 1989 च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत सेट या क्रियापदाचे 430 अर्थ होते, पण पुढे नव्या आवृत्तीसाठी 'रन'ची नोंद सुधारली आणि 2011 मध्ये आकडा आला 645, तोही नुसत्या क्रियापदाचा! घाबरू नका, पाठ करायचे नाहीयेत, त्यात कधीच वापरातून गेलेले अर्थ पण धरलेत. बाकी बऱ्याच अर्थांचा धागा एकच, काहीतरी न थांबता चालू आहे... नाक वाहतं, धुताना कपड्याचा रंग जातो, मशीन चालतं, प्रोग्राम चालतो, सगळीकडे रनच. यंत्रं आली तसे अर्थ अजून वाढत गेले. निवडणुकीची गंमत तर वेगळीच, मराठीत उमेदवार उभा राहतो, ब्रिटिशही 'स्टँड' म्हणतात, आणि अमेरिकन मात्र पळतो. आणि हसायचं कशाला, आपलं 'चालणं' घ्या की, घड्याळ चालतं, डोकं चालतं, नाटक चालतं, वर कशालाही 'चालेल'! पाय कुठेच नाहीत.