आईन्स्टाईन गणितात नापास झालाच नव्हता

यावल-रावेरकडच्या पालकसभांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं: "अहो, आईन्स्टाईनही गणितात नापास झाला होता!" पोराला धीर द्यायचा असतो, हेतू चांगला. पण गोष्ट खोटी आहे.

झालं असं. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या पॉलिटेक्निकची, म्हणजे तिथल्या उच्च तंत्रशिक्षण संस्थेची, प्रवेशपरीक्षा त्यानं दिली, तेव्हा तो अवघा १६ वर्षांचा, नेहमीच्या वयापेक्षा दोन वर्षं लहान. गणित-भौतिकात उत्तम, अडला तो इतर विषयांत. मग तिथल्याच आराऊ गावच्या शाळेत वर्षभर शिकला आणि १८९६ च्या परीक्षेत बीजगणित, भूमितीत ६ पैकी ६ मिळवले. फ्रेंचमध्ये मात्र ३.

आता गंमत बघा. खोटी गोष्ट पोराला सांगते, "नापास झालास तरी आतून हुशार असशील." म्हणजे सगळं पुन्हा जन्मजात हुशारीवरच! खरी गोष्ट सांगते, "जिथे अडलास तिथे परत बस." १९९८ मध्ये म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतही हेच दिसलं: 'हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेली मुलं अपयशानंतर लवकर ढेपाळली, मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली.

पण नुसतं "छान प्रयत्न केलास" म्हणूनही भागत नाही. पोरीनं वहीत १/२ + १/४ = २/६ लिहिलंय ना? केळीची एक फणी घ्या, अर्धी तोडा, पाव तोडा, तिच्यासमोर ठेवा. मग विचारा, "छेदांची बेरीज का केलीस गं?"