हॉकीपटूंचे दमसास-प्रशिक्षण

हॉकीच्या सामन्यात अखेरच्या मिनिटापर्यंत वेग, चेंडूवरील ताबा आणि निर्णयाची अचूकता टिकवून धरता यावी, यासाठी खेळाडूंकडून पद्धतशीरपणे करून घेतल्या जाणाऱ्या व्यायामांना व सरावाला दमसास-प्रशिक्षण म्हणतात. लांब पल्ल्याचा धावपटू एकच वेग दीर्घकाळ राखतो. हॉकीपटूला मात्र क्षणभराची झेप, थोडी उसंत आणि लगेच पुन्हा झेप, असा क्रम तासभर निभवावा लागतो. त्यामुळे केवळ मैलोन्‌मैल धावून हॉकीला लागणारा दम तयार होत नाही. प्रस्तुत नोंद मैदानी हॉकीपुरती असून गोव्यातील परिस्थितीचा विचार शेवटी केला आहे.

हॉकीचे मैदान ९१.४० मी. लांब व ५५ मी. रुंद असते आणि सामना प्रत्येकी १५ मिनिटांच्या चार सत्रांत खेळला जातो. गोलरक्षक वगळता इतर खेळाडू एका सामन्यात सर्वसाधारणपणे ५ ते ८ किमी. अंतर कापतात, मात्र खेळाडूची जागा आणि तो प्रत्यक्ष मैदानावर असलेला वेळ यांनुसार हा आकडा बराच बदलतो. एकूण अंतरापेक्षा त्याची विभागणी अधिक बोलकी आहे. मॅट स्पेन्सर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या अभ्यासात पूर्ण वेगाच्या धावांना खेळाच्या वेळेपैकी केवळ १.५ टक्के वाटा मिळालेला दिसतो, आणि अशी एक धाव सरासरी १.८ सेकंदांची भरते. उरलेला बहुतेक वेळ चालण्यात व संथ धावण्यात जातो. मात्र या धावा सारख्या अंतराने विखुरलेल्या नसतात. पुष्कळदा तीन किंवा अधिक धावा अगदी थोड्या विश्रांतीने एकापाठोपाठ येतात, आणि सामन्याचे पारडे बहुधा अशाच वेळी फिरते. स्नायूतील क्रिएटिन फॉस्फेट हे अशा झेपेचे मुख्य इंधन होय. ते निम्मे भरून यायला साधारण अर्धा मिनिट आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे लागतात. हे भरून येणे प्राणवायूच्या पुरवठ्यावर अवलंबून असल्याने झेपेच्या खेळातही हृदय व फुप्फुसांची क्षमता पायाभूत ठरते.

यात वाकण्याची भर पडते. स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू तिनेच खेळावा लागतो. त्यामुळे खेळाडू कमरेत वाकून, अंग पिळत धावतो. टॉमस रायली व ए. सीटन यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की, चेंडू खेळवत धावताना त्याच वेगाने नुसते धावण्यापेक्षा ऊर्जाव्यय व हृदयाचे ठोके दोन्ही लक्षणीय वाढतात. ज्या सरावात स्टिक हातात नसते, तो म्हणूनच अपुरा राहतो.

खेळाच्या नियमांतील व मैदानांतील बदलांनी ही गरज अधिक तीव्र केली. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकणारा भारतीय संघ तेथे सातव्या स्थानी राहिला. या पीछेहाटीचे खापर केवळ हिरवळीवर फोडणे एकांगी होईल. परंतु सपाट व वेगवान पृष्ठभागावर चेंडू अडखळत नाही आणि खेळाडूला दम खायला उसंत मिळत नाही, हे खरे. १९९० च्या दशकात कितीही वेळा बदली खेळाडू उतरवण्याची मुभा मिळाली व ऑफसाइडचा, म्हणजे प्रतिपक्षाच्या बचावपटूंच्या पुढे जाऊन चेंडूची वाट पाहण्यास मनाई करणारा, नियम रद्द झाला, तर २००९ मध्ये फ्री हिट, म्हणजे प्रतिपक्षाच्या नियमभंगानंतर मिळणारा मुक्त फटका, घेणाऱ्याला चेंडू स्वतःच पुढे नेण्याची सवलत मिळाली. प्रत्येकी ३५ मिनिटांच्या दोन डावांऐवजी चार सत्रे आली, ती २०१४–१५ च्या सुमारास. सामना १० मिनिटांनी आखूड झाला, पण खेळाचा वेग वाढला. आता आघाडीचा खेळाडू काही मिनिटे जीव तोडून खेळतो, बाहेर बसतो आणि पुन्हा उतरतो.

या सर्व प्रशिक्षणाच्या मुळाशी असलेल्या खंडित-धाव पद्धतीच्या, म्हणजे इंटरव्हल ट्रेनिंगच्या, उगमाविषयी मतभेद आहेत. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर व हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी १९३० च्या दशकात ही पद्धत मांडली, असे बहुतेक ग्रंथांत म्हटलेले असते. हृदयाचे ठोके मिनिटाला १८० च्या आसपास न्यायचे आणि ते १२० पर्यंत उतरले की पुन्हा धावायचे. दीड मिनिटात ते तेवढे उतरले नाहीत तर भार जास्त झाला असे समजायचे, हे तिचे सूत्र. गेर्शलरचा शिष्य रुडोल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मी. अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापून जागतिक विक्रम केल्यावर या पद्धतीचा बोलबाला झाला. दुसरे मत फिनलंडच्या बाजूचे आहे. लाउरी पिहकाला याने त्याआधीच आखूड व वेगवान धावांचा आग्रह धरला होता आणि फिनलंडचा लांब पल्ल्याचा धावपटू पावो नुर्मी याच्या पिढीवर त्याचा प्रभाव होता, असे या मताचे पुरस्कर्ते सांगतात. स्वीडनच्या फार्टलेक पद्धतीचे, म्हणजे मोकळ्या जागेत मनाप्रमाणे वेग कमी-जास्त करत धावण्याचे, श्रेय सामान्यतः गोस्टा होल्मर याला दिले जाते; काही जण मात्र व्होलोडालेन येथील गोस्टा ओलांडर याचेही नाव पुढे करतात. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मी., १०,००० मी. व मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या, त्या अशाच पुनरावृत्त धावांच्या बळावर. एकूण पुरावा पाहता ही पद्धत अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे वाढली आणि फ्रायबुर्गच्या जोडीने तिला मोजमापाची शिस्त लावली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हॉकीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे काम १९६० च्या सुमारास स्टॉकहोममध्ये झाले. पेर-ओलोफ ओस्ट्रांड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, तेवढेच श्रम लहान लहान तुकड्यांत विभागले तर रक्तातील लॅक्टेट (तीव्र श्रमात स्नायूंत तयार होणारे द्रव्य) कमी राहते आणि मनुष्य जास्त वेळ तग धरतो. अगदी आखूड धाव व तितकीच आखूड विश्रांती या आजच्या सरावाला शास्त्रीय आधार मिळाला तो येथून.

प्रचलित पद्धतीत हंगामापूर्वी काही आठवडे मध्यम वेगाच्या धावांनी पाया घातला जातो. त्यानंतर खंडित धावा, पुढे तीव्र झेपांची पुनरावृत्ती आणि अखेरीस प्रत्यक्ष खेळातून दम वाढवणे असा क्रम असतो. मैदानावरील रेषांचाच उपयोग करणारा एक सराव सर्वत्र आढळतो. खेळाडू पाठरेषेवरून निघून जवळची २३ मी. रेषा, मध्यरेषा, पलीकडची २३ मी. रेषा व समोरची पाठरेषा यांना क्रमाने शिवून दर वेळी मूळ जागी परततो. एका फेरीत सुमारे ४५७ मी. धाव होते आणि सात वेळा वळावे लागते. प्रत्येक वळणावर मांड्यांना बसणारा ताण सरळ धावण्यात येत नसल्याने हे वळणेच या सरावाचे सार आहे. लहान मैदानावर तीनास तीन किंवा चारास चार खेळवण्याचा सराव आता अधिक पसंत केला जातो, कारण त्यात दम व कौशल्य एकाच वेळी पणाला लागतात. मोजमापासाठी ल्यूक लेजे यांची २० मी.ची बीप चाचणी (ध्वनिसंकेताच्या वाढत्या वेगाबरोबर ये-जा धावण्याची) आणि डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांची यो-यो चाचणी वापरली जाते. दुसरीत प्रत्येक ४० मी. धावेनंतर १० सेकंदांची विश्रांती असते, म्हणून ती हॉकीच्या स्वभावाला अधिक जुळते.

अशा तयारीचा कस पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४ ऑगस्ट २०२४ रोजी ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यात लागला. १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर भारताने उरलेली सुमारे ४३ मिनिटे दहा खेळाडूंनिशी खेळून १–१ अशी बरोबरी राखली आणि शूटआउटमध्ये ४–२ असा विजय मिळवला.

गोमंतकीयांचा हॉकीतील लौकिक मुख्यतः गोव्याबाहेर घडला. कराचीहून खेळणारे पीटर पॉल फर्नांडिस १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक संघात, तर लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा व लॉरी फर्नांडिस १९४८ च्या लंडन ऑलिंपिक संघात होते. दोन्ही संघांनी सुवर्णपदक मिळवले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सहाव्या आलेल्या केनियाच्या संघातही गोमंतकीय वंशाचे खेळाडू होते. खुद्द गोव्यात फुटबॉलचे प्राबल्य असले, तरी म्हापशाच्या पेडे क्रीडासंकुलात हॉकीचे कृत्रिम मैदान आहे आणि २०२३ च्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे यजमानपद राज्याने भूषवले.

येथील दमसास-प्रशिक्षणाला वळण देते ते हवामान. जून ते सप्टेंबर या काळात वर्षाच्या सुमारे ३,००० मिमी. पावसाचा बहुतांश भाग कोसळतो. जांभ्याच्या मातीची मैदाने निसरडी होतात आणि सराव छपराखाली किंवा पायऱ्यांवर हलवावा लागतो. इतर महिन्यांत हवेतील दमटपणामुळे घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, आणि त्यामुळे शरीर थंड होत नाही. कोरड्या प्रदेशातून आलेल्या खेळाडूचा दम येथे पहिल्या आठवड्यात लवकर उखडतो. उष्म्याशी जुळवून घेण्यास १० ते १४ दिवस लागतात व त्या काळात भार हळूहळू वाढवणे श्रेयस्कर असते. मिरामार किंवा कोलव्याच्या किनाऱ्यावर धावणे हा सोयीचा सराव आहे. पण त्यातही विवेक हवा. सुक्या, भुसभुशीत वाळूत धावायला कठीण जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, असे तिएरी लेजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मोजले आहे, आणि तेथे पाय रुतत असल्याने वेग येत नाही. ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू वेगाच्या धावांना योग्य. परंतु किनाऱ्याच्या उतारामुळे एका पायावर अधिक भार येतो, म्हणून जाताना व येताना सारखेच अंतर धावावे.

सरावापूर्वी व नंतर वजन करून घामाने झालेली घट पाहणे हा साधा व विश्वसनीय उपाय आहे. ती शरीरभाराच्या दोन टक्क्यांपलीकडे गेल्यास कार्यक्षमता सहसा घसरते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असले तरी घामावाटे मुख्यतः सोडियम जाते, म्हणून केवळ शहाळ्यावर विसंबू नये. गोव्याच्या घरोघरी होणारी मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड, ही या दृष्टीने सरस ठरते. तिच्यातून पाणी, मीठ व पिष्टमय पदार्थ एकत्रच मिळतात.

गोलरक्षकाचे प्रशिक्षण वेगळे असते. त्याला अंतर फारसे कापावे लागत नाही; मात्र जड पॅड, छातीचे कवच व हेल्मेट यांत शरीराची उष्णता कोंडते, त्यामुळे दमट हवेत त्याच्या सरावाचे तुकडे आखूड ठेवून मध्येमध्ये हेल्मेट उतरवण्याची मुभा देतात.