नदीचा पूर आणि ओढ्याचा पूर

पावसाळ्यात पुण्यात घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "खडकवासल्यातून किती सोडलं?" मुठा नदीकाठच्या माणसासाठी धरणाच्या पाण्याचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल भागातली मंडळीही तोच आकडा बघून निर्धास्त झोपतात, तेव्हा मला काळजी वाटते. त्यांच्या दारात येणारं पाणी खडकवासल्याचं नसतं, कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याचं असतं.

ही गल्लत का होते ते समजण्यासारखं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, आणि तेव्हापासून पुणेकरांच्या मनात पूर म्हणजे धरण हे समीकरण पक्कं बसलं.

मुठेच्या पुराचं गणित तसं सरळ आहे. पानशेत, वरसगाव आणि टेमघरचं पाणी खडकवासल्यात येतं. ते धरण लहान, जेमतेम दोन टीएमसीचं (म्हणजे दोन अब्ज घनफुटांचं). ते भरलं की दरवाजे उचलावेच लागतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. म्हणजे ३५,००० क्युसेक सोडले की सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर पाणी निघतं. पण दरवाजा माणूस उचलतो, म्हणून आधी सांगता येतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा रहिवाशांचा संताप त्यावरच होता: वेळेत कळवलं असतं तर सामान तरी हलवता आलं असतं. इथे सगळी भिस्त निरोपावर आहे. तो वेळेत पोचला, तर सुदुंबऱ्याहून एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, बोटी यायलाही सवड मिळते.

ओढ्याला दरवाजा नाही. त्यामुळे आधी कळवणारंही कुणी नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि आंबिल ओढा बेफाम झाला. उतार तीव्र, वर सगळीकडे काँक्रीट, पात्र दोन्ही बाजूंनी आवळलेलं. पाणी मुरणार कुठे? शिवाजीनगरच्या वेधशाळेत किती पाऊस मोजला यावरून कात्रजच्या पावसाचा अंदाज बांधता येत नाही, हे त्या रात्री कळलं.

माझी मावशी अरण्येश्वरजवळ तळमजल्यावर राहते. त्या रात्री ती भांडी घासत होती, तेवढ्यात मोरीतून गढूळ पाणी उलटं वर आलं. "अगं, मोरी तुंबली वाटतं," असं ती सुनेला म्हणतेय, तोवर पाणी उंबऱ्यावरून आत आलं. थोड्याच वेळात गॅसची रिकामी टाकी स्वयंपाकघरात तरंगत होती. मोरीतून उलटं येणारं पाणी हाच तिथला भोंगा. तो ऐकला की मेन स्विच बंद करायचा आणि वर जायचं. पार्किंगमधली गाडी काढायला खाली उतरायचं नाही.

भिंतींचंही तसंच. आपल्याला वाटतं, ओढ्याकडेची सीमाभिंत आपल्याला वाचवेल. पण पाणी तिच्यामागे तुंबत जातं आणि भिंत एकदम कोसळते. त्या रात्री टांगेवाले कॉलनीत भिंत पडूनच माणसं गेली. मला विचाराल तर ओढ्याकाठी भिंत उंच करण्याआधी पात्रातला राडारोडा काढायला हवा, कल्व्हर्ट, म्हणजे रस्त्याखालच्या मोऱ्या, मोकळे करायला हवेत, आणि तेही जून उजाडायच्या आत.

ओढ्याच्या पुरात बोट पोचेपर्यंत पाणी ओसरलेलं असतं. धावून येतो तो शेजारी. म्हणून निरोपाची साखळीही शेजाऱ्यांनीच बांधायला हवी: कात्रजच्या माणसाने पद्मावतीला फोन करायचा, पद्मावतीने सहकारनगरला, त्यांनी दांडेकर पुलाला.

मावशीच्या इमारतीत आता जिन्याच्या भिंतीवर कात्रजकडच्या दोन ओळखीच्यांचे नंबर ऑइलपेंटने लिहिलेत. खाली तळमजल्यावरची पाच घरं आणि त्यांनी रात्री कुणाचं दार वाजवायचं तेही. मावशीच्या नावापुढे लिहिलंय: दुसरा मजला, डावं दार.