पुणे मातृपोषण अभ्यास

पुणे मातृपोषण अभ्यास : गरोदरपणातले आईचे पोषण आणि तिच्या मुलाला पुढे होणारा मधुमेह यांचा संबंध शोधणारे दीर्घकालीन संशोधन. पुण्याच्या रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने ते १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा दुष्काळप्रवण गावांत सुरू केले. प्रमुख संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर व कॅरोलाइन फॉल हे सहकारी, आणि आर्थिक पाठबळ वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेचे. भारतीय बाळ वजनाने कमी आणि अंगाने बारीक असले तरी चरबी मात्र राखून जन्माला येते, हे या अभ्यासाचे सर्वांत गाजलेले निरीक्षण. ‘थिन-फॅट’ बाळ हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला.

टाइप-२ मधुमेह हा उतारवयातल्या लठ्ठ माणसांचा आजार, अशी पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांची शिकवण होती. पुण्याच्या ओपीडीत येणारे कित्येक रुग्ण या वर्णनात बसत नव्हते. वय तिशी-चाळिशीचे, हातपाय काटकुळे, पोट थोडे सुटलेले आणि साखर भरमसाट. याच सुमारास बार्कर आणि त्यांचे सहसंशोधक निकोलस हेल्स यांनी इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यातल्या जन्मनोंदींच्या जुन्या वह्या उघडल्या आणि जन्मतः कमी वजनाच्या पुरुषांत उतारवयात मधुमेह जास्त आढळतो, असे १९९१ मध्ये दाखवून दिले. केईएममध्ये जन्मलेल्या मुलांवरच्या आधीच्या एका अभ्यासातही तसाच सूर होता. कमी वजनाने जन्मलेल्या मुलांत चौथ्या वर्षी ग्लुकोज पाजल्यावर साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त चढत. आठव्या वर्षी सर्वांत वाईट चित्र होते ते जन्मतः बारीक आणि नंतर वजनदार झालेल्या मुलांचे. आपल्याकडे बाळ ‘भरले’ की घर खूश होते. त्या कौतुकाला हा निष्कर्ष चांगलाच अडचणीचा आहे.

जुन्या वह्यांवरून मागचे शोधण्यापेक्षा पुण्यात उलटी वाट धरली : बाई गरोदर राहण्याआधीपासूनच नोंद ठेवायची. गावांतल्या सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची मोजमापे घेतली गेली. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जाऊन पाळीची तारीख टिपत. पाळी चुकली की सोनोग्राफी होई, त्यामुळे गर्भाचे वय अंदाजावर सोडावे लागले नाही. गर्भारपणाच्या १८व्या आणि २८व्या आठवड्याच्या आसपास आहार, रक्त आणि शेतातली-घरातली कामे यांची तपशीलवार नोंद होई. या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो, उंची १५२ सेंटिमीटर आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, १८.

बाळ जन्मले की ७२ तासांच्या आत मोजायला माणूस हजर. वजन, लांबी, डोके, पोटाचा घेर आणि दंडाचा घेर हे नेहमीचे झालेच, पण कळीचे मोजमाप होते कातडीच्या घडीचे. बाळाच्या पाठीवर फऱ्याच्या हाडाखाली कातडी दोन बोटांच्या चिमटीत उचलायची, कॅलिपरचे जबडे त्या घडीवर टेकवायचे आणि मिलिमीटर वाचायचे. घडी जितकी जाड, तितकी कातडीखालची चरबी जास्त. पूर्ण दिवसांच्या ६३१ बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या ३३८ बाळांशी करून निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याच्या बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्याचे ३.५ किलो. सगळीच मापे तोकडी होती, पण सारखी तोकडी नव्हती. पोटाचा घेर, म्हणजे आतले यकृतादी अवयव, आणि दंडाचा घेर, म्हणजे स्नायू, यांत तूट मोठी. फऱ्याखालच्या घडीतली तूट सगळ्यांत कमी. उपासमारीत गर्भाने स्नायूंवर काट मारली आणि चरबी वाचवली, असा याचा अर्थ लावला गेला. नाळेतल्या रक्ताची लंडनच्या गोऱ्या बाळांशी तुलना केली असता पुण्याच्या बाळांत वजनाच्या मानाने इन्सुलिन आणि लेप्टिन (चरबीच्या पेशींतून सुटणारे संप्रेरक) जास्त निघाले (२००२). इन्सुलिनरोधाची, म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होण्याची, सुरुवात पाळण्याच्याही आधी होते, हे त्यातून सूचित झाले.

हीच गोष्ट मोठ्या माणसांत कशी दिसते, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये छापलेल्या एका छायाचित्राने जगभर पोचवले. त्यात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय बरोबर २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीयांसाठी पुढे वेगळ्या मर्यादा सुचवल्या गेल्या : बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा, कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर. या उतरवलेल्या मर्यादेतही छायाचित्रातले दोघे निर्धोकच ठरतात, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. वजनकाट्यावर पास झालेल्या माणसाला साखर तपासायची गरज नाही, असे भारतात म्हणता येत नाही.

आहाराच्या नोंदींतून निघालेला निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. आईने किती कॅलरी किंवा किती प्रथिने खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध आढळला नाही. संबंध होता तो दूध, पालेभाज्या आणि फळे किती वेळा पोटात गेली याच्याशी (२००१). म्हणजे पोट भरले की नाही यापेक्षा ताटात काय होते हे महत्त्वाचे. पालेभाज्यांमुळे लक्ष त्यांतल्या फोलेट या जीवनसत्त्वाकडे गेले आणि तपासता तपासता सापडली ती बी-१२ जीवनसत्त्वाची टंचाई. सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ कमी होते. फोलेट कमी असलेली आई ७०० मध्ये एकच निघाली. बी-१२ फक्त प्राणिज पदार्थांतून मिळते. दूध बेताचे आणि मांस क्वचित, अशा ताटात ते येणार कुठून? ही मुले सहा वर्षांची झाल्यावर ज्यांच्या आईचे फोलेट जास्त होते त्यांच्या अंगात चरबी जास्त आढळली, आणि फोलेट जास्त पण बी-१२ कमी अशा मातांच्या मुलांत इन्सुलिनरोध सर्वाधिक होता (२००८). शरीरात ही दोन जीवनसत्त्वे जोडीने काम करतात. एकाची रेलचेल आणि दुसऱ्याचा दुष्काळ झाला की मेथिओनिन या अमिनो आम्लाचे चक्र अडते आणि त्यातला होमोसिस्टीन हा मधला पदार्थ रक्तात साचतो. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला लोह व फॉलिक आम्लाची (फोलेटच्या कृत्रिम रूपाची) गोळी मिळते, बी-१२ त्यात नसते. त्यामुळे या निष्कर्षावर बराच खल झाला. तरी गर्भाच्या मज्जारज्जूतील दोष टाळण्यात फॉलिक आम्लाचे काम निर्विवाद आहे. गोळी बंद करा, असे हा अभ्यास सांगत नाही.

अठराव्या वर्षी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून चाचणी घेतली, तेव्हा निम्म्याच्या जवळपास, ४८ टक्के तरुण-तरुणी कमी वजनाच्या गटात मोडत होत्या. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची साखर सामान्य मर्यादेच्या वर होती. मागे जाऊन पाहिले तर त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही बरोबरीच्यांपेक्षा थोडी चढीच होती, आणि वाढत्या इन्सुलिनरोधाला पुरेसे इन्सुलिन त्यांचे स्वादुपिंड देऊ शकत नव्हते.

आक्षेप दोन प्रकारचे आहेत. कातडीची घडी हे चरबीचे ढोबळ माप आहे. पोटातली चरबी तिने कळत नाही. दुसरे, हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. दूध-फळे परवडणाऱ्या घरात आणखीही बरेच काही वेगळे असते; सगळे श्रेय एका जीवनसत्त्वाला देता येत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष देऊन पाहावे लागते. मुंबईच्या झोपडवस्त्यांत तसा प्रयोग झाला. एका गटाला गरोदर राहण्याआधीपासून रोज पालेभाजी, फळे व दूध घातलेला खाऊ, तर दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषक भाज्यांचा. एकूण गटात जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही (२०१४). गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधी खाऊ सुरू केलेल्यांत मात्र सरासरी ४८ ग्रॅमची वाढ दिसली. गरोदरपणातला मधुमेह १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आला, आणि हा फायदा वजनाच्या फरकापेक्षा मोठा म्हणायला हवा.

पुण्याच्या गावांत २०१२ मध्ये ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू झाली, तीही मूळ अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींवर. एका गटाला बी-१२ सोबत इतर सूक्ष्मपोषके, दुसऱ्याला नुसते बी-१२, तिसऱ्याला औषध नसलेली गोळी. लोह व फॉलिक आम्ल सगळ्यांनाच. बी-१२ ची मात्रा दिवसाला अवघी २ मायक्रोग्रॅम, म्हणजे औषधाच्या दुकानातल्या जबर ताकदीच्या गोळ्यांपुढे नगण्य. यथावकाश त्या मुली आई झाल्या. नाळेतले रक्त पुन्हा घेतले गेले, आणि जिच्या पाठीवरची घडी १९९० च्या दशकात मोजली होती तिच्याच बाळाची मोजमापे त्या वहीच्या पुढच्या पानावर चढली.