कण्हेर कडू, म्हणून कुत्रा सुरक्षित?
‘कण्हेर कडूजहर, कुत्रं तोंडसुद्धा लावत नाही,’ असं बागेत हमखास ऐकू येतं. हे अर्धंच खरं. ओलं पान कडू लागतंच, पण छाटणीनंतर कुंपणापाशी पडलेली पानं वाळली की कडवटपणा उतरतो. विष मात्र तसंच राहतं. त्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयावर घाला घालतं. आधी लाळ, उलट्या. मग ठोके मंद किंवा वेडेवाकडे. पिल्लांचं तर विचारूच नका, दिसेल ती काडी चघळतात. लाल-पांढरी असा भेदही नाही, आणि पिवळी बिट्टी त्याच माळेचा मणी. फुलदाणीतलं कण्हेरीचं पाणीसुद्धा विषारी. शंका आली तर दूध-तूप पाजत बसू नका. चावलेलं पान पिशवीत घालून कुत्र्याला तडक पशुवैद्याकडे न्या.